शहाळं बंद

कोकणात आजाऱ्याला बघायला जाताना रिकाम्या हाताने जायची पद्धत नाही. परसातल्या माडावरून चार शहाळी उतरवायची, स्कूटरच्या हँडलला लटकवायची आणि निघायचं. ताप असो, कावीळ असो, ऑपरेशन असो, शहाळं चालतंच अशी सगळ्यांची खात्री. त्यामुळे किडनीच्या पेशंटच्या घरात ‘डॉक्टरांनी शहाळं बंद केलंय’ असं ऐकलं की बघायला आलेला माणूस आधी चकित होतो आणि मग डॉक्टरवरच संशय घेतो. शहाळ्याच्या पाण्यात बाधण्यासारखं काय असणार?

असतं ते पोटॅशियम. शहाळ्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात साधारण २५० मिलिग्रॅम. मध्यम शहाळ्यातून २५० ते ३०० मिली पाणी सहज निघतं, म्हणजे एका दमात ६०० ते ७५० मिलिग्रॅम पोटॅशियम पोटात. धडधाकट माणसाची किडनी ते काही तासांत लघवीवाटे काढून टाकते. जादा पोटॅशियम बाहेर टाकण्याचं सुमारे ९० टक्के काम तिचंच आहे, बाकीचं आतडी सांभाळतात. किडनी अगदी थकली की हे पोटॅशियम रक्तात साठत जातं. रक्तातली पातळी ३.५ ते ५ च्या आत हवी. ६ च्या पुढे ठोके बिघडण्याची भीती खरी होते, आणि वाईट म्हणजे अंगाला ते कळेलच असं नाही. पाय जड वाटतात, जिना चढताना मांड्यांत जोर राहत नाही, कधी तेवढंही होत नाही. आठवड्याला तीन डायलिसिस घेणाऱ्यांतसुद्धा दोन दिवसांच्या लांब खाड्यानंतरच्या दिवशी मृत्यूचं प्रमाण जास्त असतं, हे अमेरिकेतल्या ३२ हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात २०११ मध्ये दिसून आलं. आपल्याकडे बहुतेकांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदाच होतं. म्हणजे असे लांब खाडे आठवड्याला एकाच्या जागी दोन, आणि त्यातला एक तीन दिवसांचा.

एवढं सांगून झाल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. किडनीचा आजार असलेल्या प्रत्येकाला शहाळं बंद नसतं. ज्याची किडनी निम्मी चालते आणि पोटॅशियम ४.२ आहे, त्याने माडाकडे बघूसुद्धा नये असं सांगण्याला आजच्या संशोधनात आधार नाही. तरीही झेरॉक्स काढलेला एकच पथ्याचा तक्ता सगळ्यांच्या हातात पडतो. त्यात सफरचंद, पेअर आणि ब्रेड असतो. उकडा तांदूळ, कुळीथ, फणस, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), खारा बांगडा यांचा पत्ता नसतो. या आजारात पेशंटचे जे हाल होतात त्यातले निम्मे आजाराने होतात आणि उरलेले असल्या सरसकट सांगण्याने, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मुळात आजार आहे की नाही हे ठरवण्यातच पहिला घोळ होतो. लॅबच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनसमोर ‘०.६ ते १.३’ असं लिहिलेलं असतं, आणि १.२ आलं की सगळे निश्चिंत. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंतून. २५ वर्षांच्या तगड्या खलाशाचं क्रिएटिनिन १.२ असेल तर २०२१ च्या सूत्राने त्याची किडनी मिनिटाला सुमारे ८६ मिली रक्त गाळते, म्हणजे ठीकच. तेच १.२ जर ६५ वर्षांच्या बाईचं असेल तर आकडा येतो ५० च्या आसपास. हा गाळण्याचा वेग, ज्याला ईजीएफआर म्हणतात, ६० च्या खाली तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला तर तो दीर्घकालीन किडनीविकार धरतात. रिपोर्ट एकच आणि शेराही ‘नॉर्मल’च, पण एकीचा आजार तिसऱ्या टप्प्यात पोचलेला असतो. त्यातून बाई अगदी वाळलेली असेल, आयुष्यभर पेजेवर राहिलेली असेल, तर स्नायू कमी म्हणून क्रिएटिनिन मुळातच कमी येतं आणि खरी किडनी ५० हूनही वाईट असू शकते. वय आणि बाई की पुरुष एवढं घालून ईजीएफआर काढून द्यायला लॅबला कवडीचा खर्च येत नाही. मागून घ्यावा.

दुसरी तपासणी लघवीची. सकाळच्या लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण काढतात. ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या वर ते तीन महिने राहिलं तर ईजीएफआर ९० असला तरी किडनीला इजा होते आहे असं समजायचं. लघवीला फेस येतो, पाय सुजतात, तोंडाला चव राहत नाही, अंगाला खाज सुटते ही सगळी फार उशिराची लक्षणं. एका किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात आणि त्यातल्या निम्म्या गेल्या तरी उरलेल्या कुरकुर न करता दुप्पट राबतात. या राबण्यामुळेच त्याही पुढे झिजतात. नव्या गाळण्या आईच्या पोटात शेवटच्या महिन्यापर्यंतच काय त्या तयार होतात, नंतर एकही नाही. कमी वजनाचं, दिवस पूर्ण व्हायच्या आधी जन्मलेलं मूल हे भांडवल कमीच घेऊन येतं. असं बाळ मोठेपणी रक्तदाब आणि किडनीच्या वाटेला लवकर लागू शकतं, ही मांडणी १९८८ पासून संशोधनात आहे. किडनीचा विचार करताना गरोदर बाईच्या ताटाकडेही बघावं लागतं ते त्यामुळे.

आता स्वयंपाकघर. पोटॅशियम जास्त असलेल्यांना फळांत आंबा-फणसाचा फरक कळायला हवा. १०० ग्रॅम आंब्याच्या गरात साधारण १७० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, फणसाच्या गऱ्यांत जवळजवळ ४५०. म्हणजे साखरेचा प्रश्न नसेल तर जेवणानंतर हापूसच्या दोन फोडी बहुतेकांना जमतात, पण खळ्यात बसून फणस फोडला की हात आवरत नाही आणि दहा-बारा गरे कधी गेले कळत नाही. सुरण, कणगी, अळू, कच्चं केळं, बटाटा यांचे बारीक तुकडे करून भरपूर पाण्यात उकळायचे, ते पाणी फेकायचं आणि मग फोडणी. पोटॅशियम पाण्यात उतरतं, त्यामुळे त्याच पाण्यात भाजी शिजवली तर काही साधत नाही. कुकरमध्ये अंगच्या पाण्यात शिजवलेल्या भाजीचंही तेच. चव थोडी जाते हे खरं. नारळाचं वाटण अर्धं करावं, वाटीभर घट्ट सोलकढीऐवजी नारळाशिवायची तिवळ घ्यावी. मात्र तिवळ आगळाची असेल तर आगळात टिकण्यासाठी भरपूर मीठ घातलेलं असतं, तेव्हा आमसुलं भिजवून केलेली बरी.

खरा शत्रू मीठ आहे आणि त्याच्याबद्दल पोटॅशियमच्या निम्मंसुद्धा बोललं जात नाही. दिवसाचं सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा सपाट. खारवलेला बांगडा, खारातल्या कैऱ्या, सांडगी मिरची, पोह्याचे पापड, यांनी तो चमचा बघता बघता संपतो. सोडे आणि बोंबील नुसते वाळवलेले असतील तर मिठाचा प्रश्न कमी. पण जवळा, मोतके अशी काट्यासकट खायची मासळी फॉस्फरस वाढवते, ताज्या सुरमईचा किंवा पापलेटचा तुकडा त्या मानाने सोपा. बाजारात ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळणारं मीठ किडनीच्या पेशंटने मुळीच आणू नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. बीपीला चांगलं म्हणून सुनेने कौतुकाने आणलेलं हे मीठ सासऱ्याला आयसीयूत पोचवू शकतं.

आणि करमळ, म्हणजे स्टारफ्रूट. कोकणातल्या कितीतरी परसांत हे पाच धारांचं फळ पडून कुजतं, पोरं मीठ लावून खातात. निरोगी माणसाला दोन-चार करमळांनी काही होत नाही. किडनी गेलेल्या माणसाला एखादं फळही पुरतं. त्यातलं कॅरॅम्बॉक्सिन हे मेंदूवर काम करणारं विष किडनीवाटे बाहेर जातं; किडनी नसेल तर ते साठतं. पहिली खूण उचकी, काही केल्या न थांबणारी. मग गोंधळल्यासारखं बोलणं, मग झटके. ब्राझीलच्या संशोधकांनी २०१३ मध्ये हे विष वेगळं काढून दाखवलं. डायलिसिसचा पेशंट उचकीने हैराण होऊन आला तर ‘करमळ खाल्लं होतं का?’ हा प्रश्न आधी विचारायला हवा, कारण तातडीने डायलिसिस लावणं हाच उपाय आहे. करमळाचीच बहीण बिलिंबी, जी माशाच्या कालवणात आंबटपणाला घालतात. कालवणातल्या दोन-तीन बिलिंब्यांची गोष्ट वेगळी. केरळात लोक कोलेस्टेरॉल उतरतं म्हणून तिचा रस काढून प्यायला लागले आणि आधी किडनी चांगली असलेल्या दहा जणांच्या किडन्या त्यातल्या ऑक्झॅलेटने बंद पडल्याचं २०१३ मध्येच छापून आलं. ऑक्झॅलेटचे स्फटिक गाळण्यांपुढच्या नळ्यांत अडकतात. काहींना डायलिसिस लागलं. असे घरगुती रस मोबाईलवरून फिरत कोकणातही येतात, तेव्हा हे ठाऊक असलेलं बरं.

गावठी औषधांबद्दल एवढंच, की झाडपाला आणि भस्म (धातूंपासून केलेली पूड) यांत फरक करावा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी पारंपरिक औषधं घेणाऱ्यांत लघवीतून प्रथिनं वाहून जाणाऱ्या एका विशिष्ट विकाराचा माग काढला. त्या औषधांत पारा सापडला. चांगली बातमी अशी की औषध थांबवल्यावर बहुतेकांची किडनी सावरली.

किडनी बिघडायची कारणं म्हणून मधुमेह आणि रक्तदाब ही जोडगोळी सगळ्यांना पाठ आहे. भारताच्या किडनीविकार नोंदणीत ५२ हजारांवर रुग्णांचा हिशेब २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ३१ टक्के मधुमेहाचे होते, पण १६ टक्क्यांचं कारणच ठरवता आलं नव्हतं. आंध्रच्या श्रीकाकुलम जिल्ह्यातला उद्दानम हा किनारपट्टीचा भाग नारळ-काजूच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. चित्र आपल्या वेंगुर्ल्या-मालवणासारखंच. तिथे मधुमेह नाही, मोठा रक्तदाब नाही, अशा शेतमजुरांच्या किडन्या आक्रसून जातात. असाच प्रकार श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात, एल साल्वादोर आणि निकाराग्वाच्या उसाच्या शेतांत आणि आपल्या अगदी शेजारी, गोव्यातल्या काणकोण तालुक्यात नोंदलेला आहे. काणकोणच्या भूजलातल्या सिलिकाकडे आणि शिशाकडे संशोधकांनी बोट दाखवलंय, मध्य अमेरिकेत उन्हातल्या कष्टांकडे. सर्वमान्य उत्तर अजून नाही, आणि बहुधा सगळीकडचं उत्तर एकच निघणारही नाही.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात असा साथीसारखा प्रकार आहे असा दावा इथे करायचा नाही. पण उन्हाचा मुद्दा आपल्याला लागू आहे. एप्रिल-मेच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. चिरेखाणीत जांभ्याच्या भिंतींमध्ये दुपारी बाराला उभा असलेला मजूर, आंब्याच्या कलमावर झेला घेऊन चढलेला गडी, बोटीच्या इंजिनखोलीतला खलाशी, यांच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी सहज जातं. लघवी गडद पिवळी होते, संध्याकाळी पाठ दुखते, मग डायक्लोफेनॅकची गोळी. पाणी कमी पडलेल्या किडनीला रक्त पुरवणारी धमनी ज्या रसायनांच्या जोरावर उघडी राहते, तीच रसायनं ही गोळी बंद करते. एकदा झालं तर किडनी सावरते, हंगामभर रोज झालं तर थोडी थोडी खुंटत जाते. निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये पाणी, सावली आणि ठरलेल्या वेळी विश्रांती एवढंच नियमाने दिल्यावर मजुरांच्या किडनीची इजा कमी झाल्याचं दिसलं. यात महाग काहीच नाही. दर तासाला दहा-पंधरा मिनिटं सावलीत, पाण्याचा कॅन हाताशी, आणि सर्वांत जड काम सकाळी अकराच्या आत. बागायतदार तेवढं करू शकतो, मुकादमाने मनावर घेतलं तर.

आणखी एक मेख. अशा मजुरांच्या शिबिरात बीपी मोजतात, साखर बघतात, फार तर लघवीत पट्टी बुडवतात. या अनामिक प्रकारात बीपी आणि साखर दोन्ही ठीक असतात आणि लघवीत प्रथिनं फार कमी जातात, पट्टीला कळतही नाहीत. रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं नाही तर शिबिर होऊनही काही सापडत नाही. हंगामाच्या सुरुवातीला एक आणि शेवटाला एक, एवढ्या दोन तपासण्या केल्या तरी कोणाची किडनी उन्हात उतरली ते समजेल.

पावसात कारण बदलतं. लावणीच्या दिवसांत अनवाणी पाय दिवसभर चिखलात, पायाला भेगा, आणि शेतात उंदरांची लघवी: लेप्टोस्पायरोसिसला आणखी काय लागतं? ताप, पोटऱ्या कमालीच्या दुखणं, डोळे लाल. किडनीला झटका बसतो पण सुरुवातीला लघवी चालू असते आणि पोटॅशियम उलट कमी असतं, त्यामुळे घरच्यांना आणि कधी डॉक्टरलाही ‘किडनी बरी आहे’ असं वाटतं. तापाला पॅरासिटामॉल पुरतं; अंगदुखीचं इंजेक्शन मागून घेऊ नये. जोखमीच्या भागांत आरोग्य खातं लावणीच्या काळात आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लीन देतं, ती गोळी चुलीमागच्या डब्यात न ठेवता घ्यावी. गरोदर बायका आणि लहान मुलं सोडून. पेशंट बरा होऊन घरी आला की आपण सुटलो असं मानतो. मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की अशा झटक्यानंतर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवी पुन्हा तपासा. जुलैत आजारी पडलेल्याचे तीन महिने भरतात ऑक्टोबरात, ऐन कापणीत. त्या वेळी कोण जातंय लॅबमध्ये! घोणस चावून वाचलेल्यांनाही हाच नियम, तिचं विषही किडनी बंद पाडतं.

लहान गावातून संशोधन होत नाही असं कोणी म्हणू नये. महाडला राहून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर केलेलं काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि प्रॅझोसिनमुळे विंचवाने होणारे मृत्यू पार खाली आले. लावणीनंतरच्या किडन्यांचा असा धीराचा पाठपुरावा करायला कोकणाइतकी योग्य जागा दुसरी नाही.

औषधांत गेल्या काही वर्षांत खरोखर मोठा बदल झालाय. लोसार्टनच्या जातीच्या गोळ्यांनी आजार मंदावतो हे २००१ मध्येच दिसलं होतं. मग मधुमेहासाठी निघालेली डॅपाग्लिफ्लोझिन २०२० मध्ये ४,३०४ किडनी रुग्णांवर तपासली गेली, त्यांतल्या बऱ्याच जणांना मधुमेह नव्हता. किडनी ढासळणं किंवा किडनी-हृदयाच्या आजाराने मृत्यू यांचा एकत्रित धोका ३९ टक्क्यांनी कमी झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात भारतातलं मूळ पेटंट संपलं आणि गोळी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. दोन गोष्टींत चूक होते. ही औषधं सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वर जातं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ अपेक्षित असते, घाबरून गोळी सोडायची नाही. आणि जुलाब-उलट्या लागल्या की मात्र खाणंपिणं सुरळीत होईपर्यंत या गोळ्या थांबवायच्या, डॉक्टरला फोन करून. आपल्याकडे नेमकं उलटं होतं.

देशात किडनी पार निकामी झालेल्या रुग्णांची संख्या किती? २०१६ च्या अर्थसंकल्पाच्या भाषणात दरवर्षी २.२ लाख नव्या रुग्णांची भर आणि त्यामुळे ३.४ कोटी डायलिसिसची वाढीव गरज असा आकडा आला होता. त्यातूनच राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम निघाला. भागाकार करून पाहिला तर माणशी वर्षाला १५५ च्या आसपास येतात, म्हणजे आठवड्याला तीन. कागदावरचा पेशंट तीनदा जातो, प्रत्यक्षातला दोनदा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचे पैसे भरावे लागत नाहीत हे मोठंच काम झालं, पण वाडीतून तालुक्याला जायचं भाडं, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज, बाहेरचं चहापाणी हे योजनेत बसत नाही. वाट दीड तासाची धरली तर येण्याजाण्याचे तीन आणि खुर्चीतले साडेचार, असे आठवड्याच्या दोन खेपांना पंधरा तास होतात.

त्यानंतरचा थकवा वेगळाच. बारा देशांतल्या सहा हजारांवर रुग्णांना विचारलं गेलं, डायलिसिसनंतर पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो? चौथ्या हिश्श्याहून अधिक लोकांनी सहा तासांपेक्षा जास्त सांगितलं. म्हणजे तो दिवस गेलाच. सिडनीच्या संशोधकांच्या पुढाकाराने २०१४ पासून एक आंतरराष्ट्रीय काम चाललंय, कशावर संशोधन व्हावं हे पेशंट आणि डॉक्टर दोघांनाही विचारायचं. डॉक्टरांनी मृत्यू आणि इस्पितळात भरती होणं यांना वजन दिलं. पेशंटांच्या यादीत प्रवास करता येणं, डायलिसिसविना मिळणारा वेळ, मशीनवरून उतरल्यावरची गळून गेल्यासारखी अवस्था हे बरंच वर होतं. शेवटी हिमोडायलिसिसच्या प्रत्येक चाचणीत मोजायच्याच अशा चार गोष्टी ठरल्या: थकवा, हृदयविकार, रक्तनळीची वाट (मशीनसाठी रक्त काढायची-घालायची जागा) आणि मृत्यू. थकवा त्या यादीत आला तो पेशंटांच्या हट्टामुळे.

या थकव्याचं मोठं कारण पुष्कळदा आदल्या दोन दिवसांत असतं. ५५ किलोच्या माणसाच्या अंगातून तासाला किलोमागे १३ मिलीपेक्षा जास्त पाणी ओढू नये असा संकेत आहे; चार तासांत ते जेमतेम २.८ लिटर. तो चार किलो वाढवून आला तर टेक्निशियनपुढे दोनच वाटा: पाणी अंगात ठेवून घरी पाठवायचं, की ओढायचं आणि पायात गोळे, बीपी खाली, डोळ्यांपुढे अंधारी हे भोगायला लावायचं. पाणी कमी प्या म्हणून बजावण्यात अर्थ नाही, कारण तहान मिठाने लागते. नऊ ग्रॅम जादा मीठ पोटात गेलं की शरीर लिटरभर पाणी मागून घेतंच. लघवी होते तेवढं अधिक अर्धा लिटर, हा दिवसाचा साधारण हिशेब; त्यात पेज, आमटी, चहा, ताक, बर्फाचा खडा सगळं धरायचं. पेज पाण्यात मोजायची असते हे कित्येकांना महिनोन्‌महिने कोणी सांगत नाही. उलट प्रथिनांचं पथ्य मशीनवर आल्यावर सुटायला हवं: आधी किलोमागे ०.८ ग्रॅम, आता १ ते १.२. ५५ किलोला ते ५५ ते ६६ ग्रॅम होतं. जुना तक्ता भिंतीवर तसाच राहतो, मासे-अंडी बंदच राहतात आणि माणूस वाळत जातो. फॉस्फरस बांधणारी गोळी घासाबरोबर घ्यायची. जेवण उरकून तासाने घेतली तर तिला बांधायला काही उरलेलं नसतं.

हाताची शीर-धमनी जोडून केलेली फिस्टुला डायलिसिस लागायच्या काही महिने आधी करून ठेवावी, पिकायला सहा ते आठ आठवडे लागतात. रोज सकाळी बोटं ठेवून थरथर लागते का बघायचं. थांबली तर त्याच दिवशी इस्पितळ. त्या हातावर बीपी नाही, सुई नाही, घागर नाही. आपल्याकडे लोक ‘टळेल’ म्हणून टाळतात आणि मग दम लागून रात्री-अपरात्री मानेत नळी घालावी लागते, तिला जंतुसंसर्ग होतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या २०१० च्या चाचणीत लवकर डायलिसिस सुरू करून आयुष्य वाढलं नाही, हे खरं. म्हणजे नुसत्या आकड्याला घाबरून मशीनवर बसायची घाई नको, पण वाट बघायची ती हात तयार ठेवून.

चार तासांच्या एका डायलिसिसला मिनिटाला ५०० मिली या हिशेबाने १२० लिटर शुद्ध पाणी रक्तापलीकडून वाहतं. आरओत वाया जाणारं वेगळं. एप्रिलमध्ये टँकरवर चालणाऱ्या गावात याचा अर्थ काय ते सांगायला नको. पावसाळ्यात दुसरी भीती: विहिरींत टीसीएल पावडर सढळ हाताने पडते, आणि कार्बनच्या टाकीने क्लोरीन पूर्ण धरलं नाही तर मशीनमध्ये रक्तपेशी फुटतात. एकूण क्लोरीन लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या खाली आहे की नाही, हे प्रत्येक पाळीआधी तपासायचं असतं. आपल्या सेंटरमध्ये ती वही आहे का, हे विचारायला पेशंटने लाजू नये. वीज गेली तर मशीनची बॅटरी थोडा वेळ रक्त फिरवते, नंतर हाताने चक्र फिरवून रक्त अंगात परत द्यावं लागतं. सोबतच्या माणसाने ते चक्र कुठे असतं एकदा बघून ठेवावं. निसर्ग वादळ, २०२१ चा चिपळूणचा पूर, दरडी, घाट बंद होणं, हे सगळं पाहिलेल्या मुलखात तीन दिवसांची तयारी घरी हवी: पोटॅशियम बांधणारी पावडर, द्रवपदार्थ नेहमीच्या निम्मे, फळं आणि शहाळं पूर्ण बंद, भात, मऊ केलेले पोहे, थोडी साखर.

पोटाचं डायलिसिस अशा दुर्गम वाड्यांना खरं म्हणजे सोयीचं. दिवसाला तीन-चार वेळा दोन लिटरची पिशवी पोटात सोडायची, काढायची, प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास, घरच्या घरी. एक स्वच्छ खोली, हात धुण्याची सवय, आणि बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं की ताबडतोब डॉक्टर. तरीही ते फार थोड्यांना सुचवलं जातं. किडनी बदलणं हा सर्वांत चांगला उपाय, पण देशात जिवंत दाते बहुतांश बायका आणि घेणारे बहुतांश पुरुष, या गणितावर घराघरांत कोणी बोलत नाही.

प्रवास करता येणं पेशंटांच्या यादीत इतकं वर का, ते गणपतीत समजतं. मुंबईत डायलिसिस घेणारा चाकरमानी वर्षभर एकच विचारत असतो, गावाला जाता येईल ना? येतं, पण पास काढल्यासारखं आधी बघावं लागतं. गावाजवळच्या सेंटरला जूनमध्येच फोन करावा, कारण त्या आठवड्यात सगळ्यांचीच मागणी असते आणि नेहमीच्या स्थानिक पेशंटांच्या खुर्च्या हलवता येत नाहीत. बरोबर ताजे हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे रिपोर्ट, डायलिसिसचा कागद (ड्राय वेट म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, किती तास, रक्ताचा वेग, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचा डोस, फिस्टुला कुठल्या हाताला), गेल्या महिन्याचं हिमोग्लोबिन आणि पोटॅशियम, चालू औषधांची यादी. हेपॅटायटिस बी असेल तर वेगळं मशीन लागतं, छोट्या सेंटरांत ते नसतं, तिथे आधीच नकार मिळतो. म्हणून त्या लशीचे दुप्पट मात्रेचे चारही डोस आजार लवकरच्या टप्प्यात असतानाच घेऊन टाकावेत. योजनेतलं डायलिसिस दुसऱ्या जिल्ह्यात दोन दिवसांसाठी वळवता येतं का, हे दोन्ही सेंटरच्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) विचारावं, आणि तोंडी ‘हो’वर न राहता दोघांचं एकमेकांशी बोलणं करून द्यावं. निघायच्या आदल्या दिवशी डायलिसिस, पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी पुढचं, असं बसवलं तर लांब खाडा पडत नाही. महामार्गावर गाड्यांची रांग लागते तेव्हा बारा तासांचे अठरा होतात, तेही हिशेबात धरून ठेवावं.